काळे एल्फ बंद आहेत

‘काळे एल्फ बंद आहेत,’ मी म्हणालो.

‘बंद म्हंजे? गाडी बंद असती तसं?’ चौगुले काकूंनी विचारलं.

‘बंद म्हणजे आमच्या टेबलावर चालत नाहीत. तुम्ही दुसरं काहीही घ्या. बुटके आहेत, जादूगार आहेत, साधी माणसं आहेत.’

‘पर पुस्तकात तर हाईत की हे.’ त्यांनी माझ्या झेरॉक्स पुस्तकातल्या चित्रावर बोट दाबून धरलं. तिकिटावरचा आकडा दाखवतात तसं. काकू एसटीत कंडक्टर होत्या आणि छापलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास होता.

ही गोष्ट चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं चष्म्याचं दुकान होतं. रविवारी ते बंद असे आणि वरच्या माडीवर, फ्रेमांच्या खोक्यांच्या मधोमध, दुपारी दोन ते सहा आमचा खेळ चाले. खेळ समजायला सोपा आहे. एकजण सूत्रधार होतो आणि एका कल्पित राज्याची गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी दार उघडतो’, ‘मी राजाशी खोटं बोलतो’ असं म्हणत त्या गोष्टीत शिरतात. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधार अर्थातच मी. माडी माझी, पुस्तक माझं, फासे माझे, आणि त्या वेळी मला वाटे की अक्कलही माझीच.

एल्फ म्हणजे टोकदार कानांची, शेकडो वर्षं जगणारी रानातली जमात. काळे एल्फ हे त्यांचे जमिनीखाली राहणारे भाऊबंद. पुस्तकाप्रमाणे ते जात्याच दुष्ट, कपटी, निर्दय. पहिला काळा एल्फ आमच्या टेबलावर आला तेव्हा माझ्या अंगावर खरंच काटा आला होता. पांढरे केस, कमरेला दोन तलवारी, तोंडातून शब्द नाही. गोष्टीतल्या सराईच्या कोपऱ्यात बसून राहायचा आणि कुणी जवळ गेलं की नुसता बघायचा. काय थाट होता!

मग दुसरा आला. त्यालाही पांढरे केस, दोन तलवारी आणि कोपरा. प्रत्येकाला सगळ्या दुष्टांतला तो एकटा सज्जन व्हायचं होतं. घरच्यांनी टाकलेला, जगानं न स्वीकारलेला, आतून फार हळवा. चार वर्षांत सात झाले. सराईला कोपरे चारच असतात, तीन मला बांधून घ्यावे लागले. शेवटी नुसतं ‘पांढरे केस’ म्हटलं तरी आमच्यातली शमिका जांभई द्यायची. मग मी एका पुठ्ठ्यावर लिहून कपाटाला लावलं, ‘काळे एल्फ बंद आहेत.’

सातवा एल्फ सुयोग चौगुलेचा होता. काकू त्याच्या आई.

‘सुयोग दोन महिने झालं घरात बोलत न्हाई,’ माडीवर आल्या आल्या, चपला जिन्यात काढून, त्यांनी सरळ सांगितलं होतं. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं, ‘मी आलो, मी बसतो’ असं त्या बोलायच्या. ‘आधी दर रविवारी जेवताना सगळं सांगायचा. आज हे झालं, बुटकीनं राक्षसाचं डोकं फोडलं, जादूगार विहिरीत पडला. मला सगळी ठावं हाईत. ही बुटकी न्हवं का?’

शमिका इंगवले, जी कोर्टात वकिली करायची आणि रविवारी हातोडा घेतलेली बुटकी असायची, हसली. ‘व्हय काकू, मीच.’

‘आणि विहिरीत पडलेले हे.’

इम्तियाज मुल्लानं हात वर केला. तो औषध कंपनीचा एमआर होता.

‘आता नुसतं हो आणि न्हाई. परीक्षा झाली, कामाला लागलाय, तब्येत बरी हाय. पोरीबिरीचं म्हणाल तर तेपण न्हाई, मी विचारलं. इथं यायचा बंद झाला तवापासनं हे असं हाय. काय झालं हो इथं?’

इम्तियाजनं माझ्याकडं बघितलं. मी पुस्तकाकडं बघितलं.

‘काही नाही काकू,’ मी म्हणालो. ‘शेवटचं वर्ष होतं त्याचं. अभ्यासामुळं सुटलं असेल.’

काय झालं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या टेबलाचा एक रिवाज होता. जो खेळाडू गैरहजर असेल त्याचं पात्र झोपलेलं धरायचं. त्याला कुणी उठवायचं नाही, त्याच्या पिशवीला हात लावायचा नाही, त्याला ओरखडासुद्धा येऊ द्यायचा नाही. मुलं परगावी जातात, कुणाचं लग्न असतं, कुणाची तोंडी परीक्षा. परत येईपर्यंत पात्र सुखरूप पाहिजे. हा नियम पुस्तकात नव्हता, तो मीच केला होता आणि मीच मोडला होता. सुयोग तोंडी परीक्षेला गेला त्या रविवारी खेळ रंगत नव्हता, शमिका म्हणाली, ‘तो कोपऱ्यातला उसासे टाकतोय का अजून?’ आणि माझ्यातला विनोदी माणूस जागा झाला. मी सांगितलं, सराईचा मालक जळमटं काढायला कोपऱ्यात गेला तर काळा एल्फ गार पडलेला. स्वतःची करुण कहाणी स्वतःलाच सांगता सांगता कंटाळून मेला. मालकानं त्याला सुपात भरून उकिरड्यावर टाकला. आम्ही पोट धरून हसलो.

पुढच्या रविवारी, मागच्या वेळी काय झालं ते वाचून दाखवायची आमची पद्धत होती म्हणून, मी ते सुयोगसमोर वाचलं. सगळे हसले. तोही हसला. त्यानं आपल्या पात्राचा कागद घडी घालून खिशात ठेवला, चहा प्यायला, सहापर्यंत बसला, आणि जाताना सगळ्यांचे कप खाली नेऊन धुतले. पोरगं खिलाडू आहे असं मला वाटलं. तो परत आला नाही.

हे सगळं काकूंना सांगायला माझी जीभ रेटली नाही. म्हणून त्या ‘मग मी बसतो जरा खेळायला, कळंल तरी काय असतंय ते,’ असं म्हणाल्या तेव्हा मी चटकन हो म्हटलं. चार डाव खेळतील आणि कंटाळून जातील असा माझा हिशेब होता. तर त्यांनी नेमकं काळ्या एल्फांचं पान काढलं.

‘ह्यांच्यात काय वाईट हाय?’ त्यांनी चित्र निरखून विचारलं.

‘वाईट काही नाही. फार झाले. सारखे तेच बघून बघून वीट आला.’

‘माझ्या गाडीला पण रोज तीच माणसं असत्यात. मी कुणाला उतरवत न्हाई.’

शमिका खाली मान घालून हसली. मी जरा चिडलो. ‘काकू, ते सगळे एकसारखे असतात. पुस्तकातच लिहिलंय, जात्या दुष्ट.’

‘सगळे?’

‘सगळे.’

‘मग पोरं कोण वाढवतंय?’

‘अं?’

‘न्हाई, खाली गाव हाय म्हणतासा. गाव म्हंजे पोरं आली. सगळीच निर्दय असतील तर तान्ह्याला रात्रीचं घेऊन कोण बसतंय? आणि खात्यात काय? ऊन न्हाई म्हंजे जोंधळा न्हाई.’

मी चार वर्षं त्या राज्याचा सूत्रधार होतो. तिथल्या राजघराण्याच्या अकरा पिढ्या मला पाठ होत्या. खाली लोक काय खातात ते मला माहीत नव्हतं.

‘अळंबी,’ इम्तियाज म्हणाला. ‘अळंबी उगवतात की अंधारात.’

‘हां! मग मी अळंबी लावती,’ काकू म्हणाल्या. पात्र झाल्याबरोबर त्या ‘लावती’ म्हणू लागल्या हे शमिकानं मला नंतर सांगितलं. ‘आणि हे बघा, हे काळे हाईत म्हणून दुष्ट असं लिहिलंय काय? कोण लिहितंय असलं? मी काय गोरी हाय?’

‘घेऊ दे रे पराग,’ इम्तियाज म्हणाला. ‘एकदा बघूया तरी.’ त्याचे डोळे चमकायला लागले होते. मला ते आवडलं नाही, पण खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. मी कागद पुढं सरकवला.

‘नाव?’

‘गोदाक्का.’

‘काळ्या एल्फाचं नाव गोदाक्का?’

‘खाली तसलीच नावं असत्यात. तुम्ही गेलायसा का कवा?’

‘वय?’

‘किती जगत्यात म्हणालासा? मग चारशे दहा लिवा.’

‘तलवारी?’

‘त्या कशाला? विळा लिवा एक.’

‘आणि गोदाक्का वर का आली? प्रत्येक पात्राला काहीतरी काम असतं.’

काकूंनी फासा हातात घेऊन त्याच्या सगळ्या बाजू बघितल्या. ‘तुमचं ते पुस्तक मी घरी वाचलं, सुयोगकडं पण झेरॉक्स हाय. त्यात घर सोडून आलेल्यांचंच सगळं हाय. घरात मागं कोण ऱ्हायलं ते कुणीच लिवत न्हाई. गोदाक्काचा ल्योक वर आलाय. त्येचा निरोप येत हुता, तो बंद झाला. ती बघायला आलीय.’

शमिकानं पेन्सिल खाली ठेवली.

तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण सूत्रधाराची खोड वाईट. गोष्ट सुरू झाली की ती पुढं न्यावीच लागते. मी सांगितलं, संध्याकाळ झाली आहे, गोदाक्का सराईच्या दाराशी आली आहे, आत शेकोटी पेटली आहे.

‘डोळ्यावर पदर घेती,’ काकू म्हणाल्या. ‘उजेड सोसत न्हाई तिला. आणि बुटकीकडं जाती. बाई, पांढऱ्या केसाचा पोरगा बघितलासा का? दोन तलवारी हाईत, पर मारकुटा न्हाई.’

शमिका कोर्टात न्यायाधीशांना न घाबरणारी बाई. ती म्हणाली, ‘मी... मी बघितला होता. मालकाला विचारा.’

काकू इम्तियाजकडं वळल्या. ‘जादूगार, तुम्ही?’

‘मालकाला विचारा,’ इम्तियाजही म्हणाला. दोघांनी मिळून मला पुढं ढकललं होतं.

सराईचा मालक म्हणजे मी. खेळाडूंनी न घेतलेल्या सगळ्या पात्रांची तोंडं सूत्रधाराचीच असतात. काकूंनी मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं. आणि मी, सराईच्या मालकाच्या जाड्या आवाजात, म्हणालो, ‘होता की. उत्तरेकडं गेला तो. दोन महिने झाले.’

‘काकू, फासा टाका,’ इम्तियाज सवयीनं बोलून गेला. ‘समोरचा खोटं बोलतोय का ते कळण्यासाठी टाकायचा असतो. पंधराच्या वर पडलं तर कळतं.’

बोलल्यावर त्यानं जीभ चावली. काकूंनी फासा तळहातात खळखळवला आणि टाकला. तो माझ्या वहीला आपटून थांबला. तीन.

नियमाप्रमाणे मी म्हणायचं असतं की तुमचा त्याच्यावर विश्वास बसला. मी तसं म्हणालो. फाशानं मला सोडवलं होतं. त्या माडीवर मला कुणीही काही विचारू शकत नव्हतं.

‘उत्तर किती लांब हाय?’ काकूंनी विचारलं.

‘चालत वीस दिवस.’

‘मग निघाय पायजे. वाटंत झोपायला काय मिळतंय का? भाकऱ्या किती बांधून घ्याव्या लागतील?’ त्या खरंच मोजू लागल्या. ‘दिवसा चालता यायचं न्हाई तिला, रातीचं हळू चालणार. म्हंजे चाळीस दिवस धरा.’

मला ते सहन झालं नाही. खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोललो होतो, चष्मा छान दिसतो असं तर रोजच बोलत होतो. पण कुणी माझ्या खोट्यावर विसंबून चाळीस दिवसांच्या भाकऱ्या कधी बांधल्या नव्हत्या.

‘काकू, तो उत्तरेकडं गेला नाही,’ मी म्हणालो. ‘मी त्याला मारला.’

‘मालकानं?’

‘मालकानं नाही. मी. सुयोग परीक्षेला गेला होता तेव्हा.’ आणि मी सगळं सांगितलं. रिवाज सांगितला, तो कसा मोडला ते सांगितलं, जळमटं, सूप आणि उकिरडा सांगितला. दोन महिन्यांपूर्वी ज्या वाक्याला आम्ही पोट धरून हसलो होतो ते त्यांच्यासमोर शब्दन् शब्द उच्चारलं. एकही जण हसला नाही.

‘करुण कहाणी,’ काकू सावकाश म्हणाल्या. ‘काय हुती त्येची कहाणी?’

मी शमिकाकडं बघितलं, शमिकानं इम्तियाजकडं. चौदा महिने सुयोग आमच्यात खेळला होता.

‘तीच असणार,’ मी पुटपुटलो. ‘घरच्यांनी टाकलेला, वगैरे.’

‘कुणी टाकला न्हवता त्येला. सांगून आलावता तो, पाया पडून. खाली अंधार असतोय, तिथं रंगच नसत्यात. त्येला रंग बघायचं हुतं, एवढंच.’ काकूंचा आवाज चढला नव्हता. ‘कोपऱ्यात का बसायचा, विचारलं का तुम्ही? उजेड डोळ्यात जायचा त्येच्या. कोपऱ्यातनं बघायचा. दर रविवारी मला सांगायचा, आई, आज बुटकीच्या कोटाचा रंग मिळाला. एक्केचाळीस झालं हुतं.’

मला एकदम आठवलं. ऐन लढाईत सुयोग विचारायचा, ‘पराग, त्या झेंड्याचा रंग कोणता?’ मी म्हणायचो, ‘लाल रे, चल पुढं, तुझी पाळी आहे.’ पुन्हा विचारायचा, ‘कसला लाल?’ मला वाटायचं, हा वेळ काढतो. आम्ही तो रुसून बसलाय असं समजत होतो आणि तो तिथं बसून मजेत होता. सात जण आले, त्यातल्या पहिल्याकडं आम्ही डोळे फाडून बघितलं, आणि सातव्याच्या वेळी बघायची गरजच वाटली नाही. आधीच्या सहांचं तरी काय होतं, देव जाणे. मला फार लाज वाटली. आजही वाटते.

‘काकू, माझं चुकलं,’ मी म्हणालो.

‘मला काय सांगतोस?’ इतका वेळ मला अहोजाहो करणाऱ्या काकू सरळ अरेतुरेवर आल्या. ‘चप्पल घाल. तो घरातच हाय.’

राजारामपुरीतून त्यांच्या घरापर्यंत पंधरा मिनिटं चालत. साडेपाच वाजले होते. घरी पोचल्यावर ‘सुयोग, तुझ्याकडं कोण आलंय बघ,’ एवढं ओरडून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

सुयोग बाहेरच्या खोलीत मोबाइल दुरुस्त करत बसला होता. मला बघून उठला. ‘बसा की.’ आधी तो मला अरेतुरे करायचा.

मी उभ्यानंच बोललो. जे काकूंना सांगितलं तेच त्याला सांगितलं, की तू नसताना तुझ्या पात्राला हात लावायचा मला हक्क नव्हता.

‘गंमत होती ती,’ तो म्हणाला. ‘हसलो की मी पण.’

‘म्हणून तर आलो. हसायला नको होतंस.’

त्यानं स्क्रू डबीत टाकले. मी पुढं म्हणालो, ‘आणि रंगांचं मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही.’

त्यानं झटकन वर बघितलं. ‘आई बोलली?’

‘त्या खेळायला बसल्या होत्या.’

‘आई? तुमच्यात?’

‘आल्या, बसल्या, पात्र घेतलं.’

‘काय झाली? बुटकी?’

‘काळी एल्फ.’

‘बंद आहेत ना पण?’

‘मी तेच म्हणालो. ऐकतात होय?’

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. ‘तलवारी दोन?’

‘विळा. अळंबी लावते. वय चारशे दहा. वर आपल्या मुलाला शोधायला आली आहे.’

सुयोग स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, एका लयीत, न थांबता. मग तो उठला, माझ्या शेजारून गेला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मी तिथंच थांबलो. मला जायला कुणी सांगितलं नव्हतं आणि मला ऐकायचंही होतं.

‘आई,’ तो म्हणाला.

थापणं चालूच राहिलं. ‘हूं.’

‘ती वर आली कुठनं? मी आलो ती वाट तर बुजली होती.’

थापणं थांबलं.

‘बस,’ काकू म्हणाल्या. ‘सांगतो.’